माँतों हे गाव मुळात कोणासाठी वसले?

प्रश्न: पाषाणकर

माझी भाची येत्या ऑगस्टमध्ये पदवीच्या शिक्षणासाठी दक्षिण फ्रान्समधील माँतों या गावी जात आहे. भूमध्य समुद्राभोवतालचे देश आणि मध्यपूर्व यांच्या अभ्यासाला वाहिलेली, पॅरिसच्या सियाँस पो या संस्थेची शाखा तेथे 2005 पासून आहे. तिला पोचवायला बहीण आणि मी जाणार असल्यामुळे सध्या आमच्या घरात या गावाखेरीज दुसरा विषय नाही. मात्र लिंबांचा उत्सव, पिवळ्या-नारिंगी घरांची उतरंड आणि निळे पाणी यांपलीकडचे काही वाचायला मिळत नाही, आणि एवढ्यावर समाधान मानणे मला तरी शक्य नाही. मूल ज्या गावात दोन वर्षे राहणार, ते गाव कोणत्या कारणाने उभे राहिले हे ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

छायाचित्रे आणि नकाशे पाहताना तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिली म्हणजे, जेमतेम तीस हजार वस्तीच्या गावात राजवाड्यांसारख्या दिसणाऱ्या एवढ्या प्रचंड हॉटेलांच्या इमारती कशा, आणि त्यांतील काही पाण्यापासून दूर, डोंगराच्या उतारावर का बांधल्या असाव्यात? दुसरी, जुन्या गावाच्या अगदी माथ्यावर, जिथे एखादा किल्ला शोभला असता, तिथे दफनभूमी आहे आणि तिथल्या शिलांवर इंग्रज, रशियन व जर्मन नावे दिसतात. तिसरी, जुन्या नकाशांत हे गाव कधी मोनाकोच्या रंगात तर कधी इटलीच्या बाजूला दाखवलेले असते. प्रवासाचा सल्ला मला नको आहे, तो मिळतो. जाणकारांनी या गावाच्या स्वभावाविषयी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

उत्तर: जुनेनकाशे

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याशिवाय पहिल्या दोहोंची उत्तरे लागत नाहीत.

मोनाकोच्या ग्रिमाल्दी घराण्यातील शार्ल याने 1346 मध्ये जेनोआच्या व्हेंतो घराण्याकडून माँतों विकत घेतले, आणि फ्रेंच राज्यक्रांती व नेपोलियन यांचा मधला काळ सोडला तर त्यानंतर पाचशे वर्षे हे गाव मोनाकोच्या राजपुत्रांच्या ताब्यात होते. आज मोनाको म्हटले की दोन चौरस किलोमीटरचा श्रीमंतांचा खडक डोळ्यांपुढे येतो. पण त्या काळी संस्थानाचा जवळजवळ 95 टक्के भूभाग म्हणजे माँतों आणि शेजारचे रोकब्रून हीच दोन गावे होती. संस्थानाचा खर्च भागे तो मुख्यतः येथल्या लिंबांवरील आणि ऑलिव्हच्या तेलावरील करांतून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजपुत्र ओनोरे पाचवा याने पावाचाही मक्ता देऊन टाकला, म्हणजे घरी कोणता पाव खावा हेदेखील रयतेच्या हाती उरले नाही. वर्षानुवर्षे साठलेला हा राग मार्च 1848 मध्ये उफाळून आला आणि दोन्ही गावांनी सार्डिनिया या तेव्हाच्या इटालियन राज्याच्या राजाच्या छत्राखाली स्वतःला स्वतंत्र नगरे म्हणून घोषित केले. 1860 मध्ये सार्वमताने ती फ्रान्सकडे गेली, आणि 2 फेब्रुवारी 1861 रोजी राजपुत्र शार्ल तिसरा याने चाळीस लक्ष फ्रँक घेऊन त्यांच्यावरील आपला हक्क सोडला.

या विक्रीचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. लिंबे गेली, तेल गेले, कर गेले. हाती राहिला तो निव्वळ खडक. त्या खडकावर उत्पन्न काढायचे तर जुगाराखेरीज मार्ग उरला नव्हता. कॅसिनोचा मक्ता 1863 मध्ये फ्रांस्वा ब्लाँकडे गेला आणि 1866 मध्ये त्या टेकडीला माँते कार्लो हे नाव मिळाले. माँतों हातचे गेले म्हणून माँते कार्लो उभे राहिले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. रेल्वेने काही मिनिटांच्या अंतरावरची ही दोन गावे इतकी वेगळ्या वळणाची का, याचे मूळ मला या व्यवहारात दिसते.

इटलीचा संबंध त्यानंतर पुन्हा आला. मुसोलिनीने 10 जून 1940 रोजी युद्ध पुकारले आणि त्याच महिन्यात इटालियन सैन्य माँतोंमध्ये शिरले. सीमेवरच्या पाँ सँ-लुई या पुलाजवळच्या चौकीत मूठभर फ्रेंच सैनिकांनी शस्त्रसंधी होईपर्यंत वाट अडवून धरली होती, तरी शेवटी गाव इटलीच्या ताब्यात गेले. तिथे लिरा हे इटलीचे चलन चालू लागले आणि कारभार इटालियनमध्ये होऊ लागला. सप्टेंबर 1943 नंतर जर्मन आले, आणि सप्टेंबर 1944 मध्ये गाव मुक्त झाले.

आता हॉटेलांकडे वळतो. माँतोंच्या पाठीशी हजार मीटरहून उंच डोंगर जवळजवळ समुद्राला खेटून उभे आहेत. उत्तरेचे गार वारे त्यांच्यावरच अडतात आणि गाव दक्षिणेच्या उन्हात राहते. लिंबासारखे थंडीला न सोसणारे झाड येथे शतकानुशतके उघड्यावर फळते, हीच या हवामानाची पावती होती. 1859 मध्ये जेम्स हेन्री बेनेट नावाचा लंडनचा एक डॉक्टर क्षयाने खंगून, शांतपणे मरावे म्हणून येथे आला. तो मेला नाही. हिवाळ्यामागून हिवाळे त्याने येथे काढले, इथल्या हवेविषयी 1861 मध्ये पुस्तक लिहिले आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या वाढवत नेल्या. त्यानंतर तो तीस वर्षांच्या आसपास जगला. उत्तर युरोपातल्या क्षयरोग्यांना याहून मोठी जाहिरात कोणती हवी होती? 1869 मध्ये रेल्वे येऊन पोचली आणि लंडन, बर्लिन, पीटर्सबर्गचे आजारी लोक आपापली कुटुंबे, परिचारिका व स्वयंपाकी घेऊन ऑक्टोबर ते एप्रिल येथे राहू लागले.

तुम्ही पाहिलेल्या इमारती त्या मुक्कामासाठी बांधलेल्या आहेत. त्या काळचा पाहुणा पाण्यात उतरायला येत नसे. त्याला दुपारचे ऊन हवे असे, दमट हवेपासून थोडी उंची हवी असे, आणि अंथरुणातून उठून चार पावलांत बाहेर बसता येईल असा सज्जा हवा असे. म्हणूनच रिव्हिएरा पॅलेस किंवा विंटर पॅलेससारख्या इमारती उतारावर चढवलेल्या आहेत, दर्शनी बाजू दक्षिणेकडे आहे आणि जवळजवळ प्रत्येक खोलीला सज्जा आहे. आज त्यांत राहती घरे आहेत. खाली रस्त्यावर उभे राहून वर पाहावे. नक्षीदार लोखंडी कठड्यांच्या त्या रांगा एकदा रुग्णाच्या नजरेने पाहिल्या की शोभेसाठी केलेले त्यांत फार थोडे उरते.

गावाच्या या काळाला रूप देणारा वास्तुविशारद हान्स-गेओर्ग टेर्स्लिंग हा डेन्मार्कचा होता. 1892 चे रशियन चर्च त्याचे आणि 1909 चा कॅसिनोही, ज्याला आज पॅले द ल्युरोप म्हणतात, त्याचाच. 1920 मध्ये तो माँतोंमध्येच वारला. रशियनांच्या प्रार्थनास्थळाचा आराखडा एका डेनने फ्रान्समध्ये करावा, एवढे परके लोक या छोट्या गावात एका वेळी नांदत होते.

उत्तर: श्वसनविकार, एरंडवणे

वरील विवेचन फार चांगले आहे. छातीच्या रोगांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून त्यात दोन गोष्टींची भर घालाविशी वाटते.

हवापालटाने क्षय बरा होतो ही समजूत आज भाबडी वाटते आणि ती तशी होतीही. परंतु त्या उपचारात काहीच तथ्य नव्हते असे म्हणणे मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या क्षयरोग्याला बंद, तापवलेल्या खोलीत कोंडून ठेवण्याची रीत होती. बेनेटचा भर मोकळी हवा, भरपूर आहार, विश्रांती आणि खोलीत खेळता वारा यांवर होता. औषधच नसलेल्या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती टिकवून धरणे एवढेच वैद्याच्या हाती असते, आणि त्या मर्यादेत हा सल्ला जुन्या रीतीपेक्षा निश्चित चांगला होता. काही रोग्यांचा क्षय आपोआप शमतोही. बेनेट त्यांपैकी असावा, आणि असा एक वाचलेला डॉक्टर न वाचलेल्या शेकडो रोग्यांना आशा देऊन जातो.

आपल्याकडे याच दशकात पाचगणी वसली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जॉन चेसनने 1860 च्या दशकात ती जागा निवडली ती याच तर्काने: पावसाळ्यात महाबळेश्वर राहण्याजोगे नसते, पण डोंगराच्या आडोशामुळे थोडे पूर्वेला पाऊस एकदम कमी होतो. इथे डोंगर पाऊस अडवतो, तिथे उत्तरेचा वारा. पुढे 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. पुण्याच्या कित्येक घरांत आजी-आजोबांच्या पिढीतले कोणी ना कोणी तिथे राहून आलेले असते. पाचगणीच्या जुन्या बंगल्यांचे खोल, काचा लावलेले व्हरांडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना माँतोंचे सज्जे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट मार्च 1882 ची. त्या महिन्यात व्हिक्टोरिया राणी माँतोंच्या शाले दे रोझिए या घरात मुक्कामाला आली आणि गावाच्या कीर्तीवर कळस चढला. त्याच महिन्याच्या 24 तारखेला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोग रक्तातून किंवा स्वभावातून येत नाही, तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे सिद्ध झाल्यावर शेजारच्या खोलीत खोकणारा पाहुणा कोणाला चालणार? हा बदल एका दिवसात झाला नाही, पण शतक संपता संपता रिव्हिएरावरील, म्हणजे या किनारपट्टीवरील, हॉटेले क्षयरोग्यांना दारातच नकार देऊ लागली. ज्यांच्यासाठी खोल्या बांधल्या तेच नकोसे झाले. वैद्यांचे मतही तोवर समुद्राकडून उंच डोंगराकडे सरकले होते. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1873-74 च्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून माँतोंला आला होता. 1880 मध्ये त्याला स्वित्झर्लंडच्या बर्फातल्या दावोसला पाठवले गेले. एकाच रोग्याच्या दोन प्रवासांत वैद्यकाची सगळी उलथापालथ दिसते.

दफनभूमीविषयी तुम्ही विचारले आहे. जिथे एखादा किल्ला शोभला असता असे तुम्ही लिहिले आहे, आणि खरोखरच तिथे पूर्वी किल्ला होता. त्याच्या जागेवर पायऱ्यापायऱ्यांनी ही भूमी केलेली आहे, म्हणून तिला जुन्या वाड्याची दफनभूमी म्हणतात. रग्बीच्या खेळाशी आख्यायिकेने जोडला गेलेला विल्यम वेब एलिस 1872 मध्ये माँतोंला वारला आणि तिथेच पुरला गेला. त्याच्या शिळेपाशी रग्बीच्या चाहत्यांची गर्दी असते. मी तुम्हाला आग्रहाने सांगेन की ती पाहून लगेच उतरू नका. आजूबाजूच्या शिलांवरचे जन्म-मृत्यूचे सन वाचावेत आणि वजाबाकी करावी. बावीस, सव्वीस, एकोणतीस असे आकडे येऊ लागतात. चित्रकार ऑब्री बियर्डस्ली 1898 मध्ये माँतोंमध्ये वारला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. या माणसांना स्ट्रेप्टोमायसिन मिळाले असते तर त्यांतली बरीचशी घरी परतली असती, पण ते औषध यायला 1940 चे दशक उजाडावे लागले. माझ्या बाह्यरुग्ण विभागात आजही या वयाचे क्षयरोगी रोज येतात. त्यांतले बहुतेक औषधे पूर्ण घेतली तर बरे होतात, म्हणून ती वजाबाकी मला तिऱ्हाईतासारखी करता येत नाही.

उत्तर: वाफेआळे

मी बागांविषयी लिहिते, कारण हॉटेले आणि दफनभूमी यांच्याइतक्याच बागाही त्या आजाऱ्यांनी मागे ठेवल्या आहेत. ज्याला चालण्याचे कष्ट झेपत नाहीत आणि सहा महिने एका जागी काढायचे आहेत, तो झाडे लावतो. बेनेटने स्वतः सीमेपलीकडच्या ग्रिमाल्दी गावाच्या खडकाळ उतारावर बाग केली. तिथून जवळच ला मोर्तोला येथे थॉमस हॅन्बरी या व्यापाऱ्याने 1867 मध्ये जागा घेऊन जगभरची झाडे आणून लावली; ती बाग आज इटलीच्या हद्दीत आहे आणि ती पाहायलाच हवी. माँतोंमध्ये गारावाँच्या बाजूला व्हाल रामे ही वनस्पतिबाग आहे, आणि गोर्बियोच्या खोऱ्यात लॉरेन्स जॉन्स्टनने 1924 पासून घडवलेली सेर द ला मादोन. या शेवटच्या बागेतले दगडी बांध मुद्दाम पाहावेत. हे बांध शेतकऱ्यांनी लिंबे आणि ऑलिव्ह लावण्यासाठी रचलेले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवलेला. आपल्या मावळातल्या खाचरांचे बांध ज्याने पाहिले आहेत त्याला हे काम किती पिढ्यांचे असते ते कळेल. श्रीमंत पाहुण्यांनी बागा केल्या त्या या श्रमांवर, आणि बागांच्या पुस्तकांत त्या शेतकऱ्यांविषयी फारसे लिहिलेले नसते, याचे मला वाईट वाटते.

लिंबाविषयीही थोडे. माँतोंचे लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा बरेच मोठे, जाड सालीचे, सालीत भरपूर सुगंधी तेल असलेले आणि चवीला सौम्य असते. एकाच झाडावर फूल, हिरवे फळ आणि पिकलेले फळ एका वेळी दिसते. एके काळी हीच गावाची संपत्ती होती आणि ती जहाजांनी दूरवर जात असे. पुढे सिसिली आणि स्पेनच्या स्वस्त मालाने बाजार घेतला, डोंगरउतारांच्या जमिनीला शेतीपेक्षा बंगल्यांचा भाव जास्त येऊ लागला, आणि फेब्रुवारी 1956 च्या कडाक्याच्या थंडीने उरलेल्या बागांची दैना केली. सध्या थोड्याच शेतकऱ्यांनी ही लागवड टिकवली आहे. 2015 मध्ये तिला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाल्यामुळे भाव बरा मिळतो.

तो प्रसिद्ध उत्सव शेतकऱ्यांनी सुरू केला अशी अनेकांची समजूत असते, पण त्याचा उगम हॉटेलांत आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस एका हॉटेलच्या बागेत फुलांचे आणि लिंबूवर्गीय फळांचे प्रदर्शन भरले, पाहुण्यांना ते आवडले, आणि 1934 पासून नगराने ते लिंबांचा उत्सव म्हणून भरवायला सुरुवात केली. हिवाळ्याचे पाहुणे विरळ होत असताना फेब्रुवारी महिना भरलेला राहावा हा त्यामागचा हिशेब होता. आज त्यासाठी सुमारे 140 टन फळे लागतात आणि त्यांतली बहुतेक स्पेनहून येतात. तुमची भाची फेब्रुवारीत बियोव्हेस उद्यानातल्या त्या प्रचंड आकृती पाहील तेव्हा त्या फळांत माँतोंचे फळ शोधू नये. ते बाजारपेठेच्या जुन्या इमारतीत, पानांसकट विकायला ठेवलेले असते.

पाषाणकर

तिघांचेही मनापासून आभार. बहिणीला सगळे वाचून दाखवले. एक शंका उरते. हिवाळ्याच्या आजाऱ्यांचे हे गाव उन्हाळ्याच्या समुद्रस्नानाचे कधी झाले, आणि आज तिथले वातावरण कसे असते?

उत्तर: जुनेनकाशे

पहिल्या महायुद्धाने रशियन आणि जर्मन पाहुणे एकदमच नाहीसे केले, तिथून हिवाळ्याचा हंगाम सावरला नाही. तरी रुग्ण पूर्ण थांबले नव्हते. कॅथरिन मॅन्सफील्ड ही न्यूझीलंडची लेखिका 1920-21 मध्ये क्षयावर उपाय म्हणून गारावाँच्या व्हिला इझोला बेलामध्ये राहिली, आणि 1970 पासून तिच्या देशातल्या लेखकांना माँतोंमध्ये राहून लिहिण्यासाठी शिष्यवृत्ती दिली जाते. दरम्यान उन्हाने रापलेली कातडी फॅशनची झाली आणि 1930 च्या सुमारास रिव्हिएराची हॉटेले उन्हाळ्यातही उघडी राहू लागली. 1936 मध्ये फ्रान्समधील कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि किनाऱ्यावर ज्यांना पूर्वी कोणी पाहिले नव्हते ते लोक आले. माझ्या मते या किनाऱ्याच्या इतिहासातली ही सर्वांत आनंदाची घटना आहे.

माँतोंने मात्र आपला संथपणा सोडला नाही. कान किंवा सँ-त्रोपे यांच्यासारखी झगमग तिथे नाही. निवृत्त लोक पुष्कळ, दुसरे घर म्हणून घेतलेली आणि वर्षातून बराच काळ बंद असलेली घरेही पुष्कळ, आणि त्यांच्यामध्ये त्या विद्यापीठ-शाखेतली अनेक देशांची मुले. संध्याकाळी सँ-मिशेल चर्चपुढच्या चौकात जाऊन बसावे. 1619 मध्ये बांधायला घेतलेले हे चर्च, आणि त्याच्या समोरच्या जमिनीवर पांढऱ्या व राखी गोट्यांनी जडवलेली नक्षी, जिच्यात ग्रिमाल्दी घराण्याचे चिन्ह आहे; ज्या मोनाकोविरुद्ध गाव उठले त्याची खूण गावाने उखडली नाही, रोज त्यावरून चालते. याच चौकात 1950 पासून उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरतो. नगरपालिकेत विवाहनोंदणीची खोली आहे, तिच्या भिंती फ्रेंच कवी व चित्रकार झाँ कॉक्तोने 1957-58 मध्ये रंगवल्या आणि तिथे आजही लग्ने लागतात. परवानगी मिळाली तर जरूर पाहा.

सीमा मात्र अजून जिवंत आहे. इटलीतले व्हेंतिमिल्या आगगाडीने अगदी जवळ आहे, शुक्रवारच्या बाजाराला माँतोंचे लोक सर्रास तिकडे जातात, आणि रोज पहाटे इटलीत राहणारे हजारो लोक मोनाकोत कामाला जाण्यासाठी माँतोंवरून प्रवास करतात. परंतु 2015 पासून स्थलांतरितांना अडवण्यासाठी फ्रेंच पोलीस या मार्गावर तपासणी करतात, आणि गाडीत कातडीचा रंग पाहून कागद मागितले जाण्याचा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. म्हणून भाचीने बाजाराला जातानाही पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना जवळ ठेवावा.